दिवली वापरतं कोण?

शिवणयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात जो माणूस काउंटरमागे उभा असायचा, त्याला सगळे बॉबिन म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. बुटका, मधे जरा भरलेला आणि दिवसभर त्या अरुंद जागेत स्वतःभोवती फिरणारा, मशीनमधल्या धाग्याच्या बॉबिनसारखा, म्हणून पडलं असेल. त्याला त्याचं काही वाटत नसे. बॉबिनशिवाय मशीनचं पान हलत नाही, असं म्हणून तो पुन्हा ड्रॉवर उपसायला लागे.

दुकानाची मागची भिंत म्हणजे वरपासून खालपर्यंत नुसते ड्रॉवर. पट्टे, सुया, शटल, स्प्रिंगा, बारीक स्क्रू. शिंपी मोडका तुकडा रुमालात गुंडाळून आणत आणि "असला एक द्या" म्हणत. बॉबिन तो तळहातावर घेई, उलटा करून बघे, गर्रकन वळे आणि वरची चिठ्ठी न वाचता बरोबर ड्रॉवर ओढी. जुन्या मशीनला कोणाचाही भाग चालायचा. नवी मशीनं मात्र बंद डब्यासारखी येत. आतलं काही बिघडलं की कंपनी सांगे, दुरुस्ती होत नाही, अख्खा आतला संच बदला. हे ऐकलं की बॉबिनचा पारा चढे.

"चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलतं का कोणी?" तो समोरच्या गिऱ्हाइकालाच विचारी.

एवढा एक राग सोडला तर माणूस गरीब गाय होता. पन्नाशी उलटली होती. लग्न राहूनच गेलं होतं. त्यात कोणी मोडता घातला नव्हता, तसा कोणी पुढाकारही घेतला नव्हता. तळमजल्यावर दोन खोल्या, दाराला लागूनच खिडकी, आत तो आणि आई. थोरली बहीण दुसऱ्या गावी दिलेली. ती रविवारी फोन करी आणि तो जेवला का ते विचारी.

कॉम्प्युटरकडेही तो रागापोटीच गेला. मालकांनी दुकानासाठी एक कॉम्प्युटर घेतला होता. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यांच्या आधी जागी होऊन बाकीच्यांना कामाला जुंपते ती ऑपरेटिंग सिस्टम. तिने एका सकाळी जाहीर केलं की हे मशीन आता जुनं झालं, मी याच्यावर चालणार नाही, नवं घ्या. मशीन ठणठणीत होतं. मालकांनी तरी ते भंगारात काढलं, आणि बॉबिनने ते काखोटीला मारून घरी आणलं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, खुली सिस्टम मिळते, ती टाकून बघा.

ही खुली सिस्टम कुठल्याच कंपनीची नव्हती. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून, एक पैसा न घेता, तिचे भाग बनवत. घड्याळ दाखवणारा भाग एकाचा, छपाईचा दुसऱ्याचा, पडद्यावरच्या खिडक्या उघडायचा-मिटायचा तिसऱ्याचा. एखादा नाही आवडला तर काढून टाका, दुसरा बसवा. आत काय आहे ते उघडून बघा. जमलं तर स्वतः दुरुस्त करा आणि दुरुस्ती सगळ्यांना देऊन टाका. आपल्या मशीनवर काय असावं आणि काय नसावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बॉबिनला वाटलं, अरे, हे तर आपलंच दुकान! पुढची काही वर्षं त्याने पुस्तकं आणून, डोकं खाजवून, चुकत-माकत हे काम शिकण्यात घातली. बरं चाललं होतं त्याचं.

मग आईचे कान जायला लागले. आईच्या मते कान शाबूत होते, जगच पुटपुटायला लागलं होतं. दुपारची एकटी असली की ती घाबरून दाराला आतून कडी घाली आणि कॉम्प्युटरसमोर बसून एकटीने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडी. त्या डावाचं तिला वेडच लागलं होतं. संध्याकाळी बॉबिन दुकानातून येई, बेल वाजवी आणि वाजवतच राही. खिडकीतून त्याला आईची पाठ दिसे. ती राजावर राणी ठेवत असे आणि तो बाहेर पिशवी घेऊन तिष्ठत असे.

"मग आत यायचं ना, बाहेर काय उभा राहतोस?" दार उघडल्यावर आई त्यालाच झापायची.

तेव्हा त्याने एक भाग बनवला. कॉम्प्युटरच्या माइकला दाराची बेल एकदा वाजवून ऐकवायची. मग केव्हाही तो आवाज आला की पडद्याची सगळी कड दिव्यासारखी उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची. त्या भागाला त्याने नाव दिलं दिवली. पहिला दिवा लाल होता. आई म्हणाली, "लाल नको रे, काहीतरी जळतंय असं वाटतं. पिवळा कर." त्याने पिवळा केला, आणि तिथेच त्याच्या डोक्यात आलं की दुसऱ्या कोणाच्या आईला पिवळाही नको असेल. म्हणून रंग कोणता, उजळायचं किती वेळा, अख्खा पडदा की नुसती कड, हे सगळं त्याने वापरणाऱ्यावर सोडलं. पडद्याचा बाकी थाट कोणताही असो, दिवली त्यात बसावी, आणि नको असेल तर मागे खूण न ठेवता निघावी. हे मात्र त्याने फार मन लावून केलं होतं.

ती तपासायची रीत त्याची स्वतःची होती. काही बदल केला की तो बाहेर जाई, दार ओढून घेई, बेल वाजवी आणि खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघे. पडदा पिवळा झाला की आई मान न वळवता एक हात वर करून हलवी. हात हलला की काम फत्ते.

दिवली त्याने सिस्टमच्या मंडळाकडे पाठवली, त्यांनी ती घेतली, आणि तिच्यापुढे सांभाळणारा म्हणून त्याचं टोपणनाव लागलं. त्या मंडळात दर भागाला एक सांभाळणारा असे. सांभाळणाऱ्याने अंग काढून घेतलं की त्या भागावर "पोरका" असा शिक्का बसे, आणि मग कोणीतरी तो दत्तक घ्यायचा किंवा तो यादीतून जायचा. शब्द त्यांचेच हे, पोरका आणि दत्तक. बॉबिनला ते वाचून सुरुवातीला हसू यायचं.

आई गेली. आजारपण लांबलं नाही, सेवा करायला फारसा वेळही तिने दिला नाही. पुढे बॉबिन दुकानात जाई, येई, किल्लीने दार उघडी. आतून कडी घालणारं कोणी नव्हतं. दिवलीची आता त्याला काडीची गरज नव्हती. पण सिस्टमची नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक भाग थोडाफार घासून-पुसून तिच्यात बसवावा लागे, आणि ते काम तो रविवारी सकाळी करी. शेवटी बाहेर जाऊन बेल वाजवी आणि काचेला नाक लावी. रिकाम्या खुर्चीसमोर पडदा पिवळा होई. तेवढंच बघायचं असे, ते बघून तो आत येई.

"किल्ली विसरलात का हो?" शेजारीण एकदा विचारती झाली.

"नाही, बेल तपासतोय."

"कोणी येणारंय का?"

"नाही," बॉबिन म्हणाला. तेव्हापासून ती त्याच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागली.

मंडळात सगळे भाग गोळा करून आवृत्ती जोडण्याचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे मुकादम म्हणत. कडक, पण सरळ. तिचा एके दिवशी निरोप आला. पुढच्या आवृत्तीत सूचनांचे सगळे प्रकार, आवाज, पट्ट्या, दिवे, एकाच मोठ्या भागात जाणार आहेत. सुटे भाग इतके झाले आहेत की एकमेकांशी जुळवता जुळवता माणसांचा जीव जातो. जे लहान भाग कोणी वापरत नाही ते काढायचं ठरलं आहे. मोठ्या भागात बेल ओळखायची सोय नाही, त्यामुळे दिवली कोणाला लागत असेल तर राहू दे. पण लागते का? "दिवली वापरतं कोण? तुम्ही सोडून एक माणूस दाखवा. एक पुरे. महिनाअखेरपर्यंत." सांभाळणाऱ्याला स्वतःला मोजण्यात धरत नसत, हा तिथला जुना नियम होता.

बॉबिनने निरोप दोनदा वाचला. एक माणूस. गावात एवढी माणसं, जगात तर विचारायलाच नको, त्यांतला एक. आणि त्याच्याकडे तोही नव्हता.

नव्हता असंही नाही. असला तरी कळायला मार्ग नव्हता. कोण वापरतं, किती वापरतात, हे मोजायची सोय दिवलीत सहज घालता आली असती. बॉबिननेच ती घातली नव्हती. आईच्या खोलीत कधी बेल वाजते हे जगाने का मोजावं? ज्याचं घर त्याचं, ज्याचं मशीन त्याचं. आपला भाग मुकाट काम करील, घरी चुगल्या पाठवणार नाही. याचा त्याला अभिमान होता. आता त्या अभिमानाचं लोणचं घालायची वेळ आली होती. बरं, बिघाडाचं म्हणावं तर दिवली कधी बिघडली नव्हती, म्हणून कधी कोणी तक्रारही केली नव्हती. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल एका माणसाने एक ओळ लिहिली नव्हती.

मंडळाच्या फलकावर त्याने विचारलं, दिवली कोणी वापरत असाल तर कृपया कळवा. फलकावर रोज ढीगभर माणसं येत. कोणी उत्तर दिलं नाही. एकाने फक्त विचारलं, दिवली म्हणजे काय?

रविवारी बहिणीचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो. ताई, दिवली काढून टाकतायत."

"अगबाई! का?"

त्याने सांगितलं. ताईने क्षणाचाही विचार केला नाही. "एवढंच ना? मग माझं नाव सांग की. वापरते म्हणावं, रात्रंदिवस वापरते. वेळ पडली तर बहिरी आहे म्हणून सांगेन."

"तू वापरत नाहीस, ताई."

"त्यांना काय कळतंय? तुला तुझी दिवली राहिल्याशी कारण."

"तसं नाही ग ते."

"मग कसं?"

पुढच्या रविवारी सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. सांगण्यासारखं तसं थोडंच होतं. दिवली राहते की जाते यापेक्षा त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं. इतके रविवार आपण काचेला नाक लावून उभे राहिलो, तेव्हा पलीकडे कुठेतरी कोणी होतं का, एवढं त्याला खरोखर कळायला हवं होतं. ताईच्या थापेने मुकादम फसली असती. तो कसा फसणार?

त्याच आठवड्यात दुकानात एक शिंपीणबाई तणतणत आली. तिला दिलेली बॉबिन केस बसत नव्हती, धागा तुटत होता, गिऱ्हाइकाचे कपडे अडकून पडले होते. तिने बॉबिनची चांगलीच खरडपट्टी काढली. केस बदलून घेऊन ती गेल्यावर मालक हसत म्हणाले, "बरं वाटतं हो बॉबिनराव, कोणी असं भांडून गेलं की. मी पंचवीसेक वर्षं पट्टे विकतोय. पट्टा चांगला निघाला तर कोणी सांगायला येत नाही. गिऱ्हाईक गप्प झालं की एक तर खूश असतं, नाही तर मेलेलं असतं. आपल्याला इथे बसून दोन्ही सारखंच ऐकू येतं."

मालक हे बोलून चहाला गेले. बॉबिन हातात तुटक्या धाग्याची केस घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या मनात जे आलं ते त्याला आवडलं नाही, पण ते जाईनाही.

तसं पाहिलं तर काही मोडायचं नव्हतंच. महिनाअखेरीआधी एक किरकोळ दुरुस्ती पाठवायची राहिली होती, ती त्याच्या हातातली होती, आणि दुरुस्ती पाठवली की ज्यांच्याकडे दिवली असेल त्यांच्या मशीनवर ती आपोआप जाऊन बसे. त्या दुरुस्तीत त्याने एक नवं बटण घातलं: दिवा हवा की नको. आणि ते सुरुवातीला "नको" वर ठेवलं. ज्याला हवा त्याने सेटिंगमध्ये जाऊन "हवा" करावं. सोबतच्या टिपणीत त्याने लिहिलं, यापुढे दिवा लागावा की नाही याची निवड वापरणाऱ्याकडे राहील. वाक्य वाचायला फार छान होतं. जन्मभर तो हेच तर म्हणत आला होता, निवड ज्याची त्याची! फक्त दिवा वापरणाऱ्यांनी ती निवड केव्हाच करून ठेवली होती, आणि त्याने ती त्यांना न विचारता पुसली होती. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत असूनही त्याने दुरुस्ती पाठवली. त्या वेळी तो बाहेर बेल वाजवायला गेला नाही.

मग तो वाट बघायला लागला. दुकानातून आला की हातपाय न धुता आधी कॉम्प्युटर. पहिले दोन-तीन दिवस काही नाही. त्याचं जेवणावरचं मन उडालं. कोणी रागावून लिहील, शिव्या देईल, म्हणेल हा काय मूर्खपणा आहे! त्या शिव्या तो मनातल्या मनात ऐकून ठेवत होता. शनिवार गेला. रविवार सकाळ गेली. कोणीच नाही, असं स्वतःशी म्हणायची तयारीही त्याने केली. आणि त्या संध्याकाळी निरोप आला.

"नमस्कार. दिवली सांभाळणाऱ्यांना. मला ऐकू येत नाही आणि मी एकटी राहते. माझ्या भाच्याने दिवली बसवून दिली होती. आमच्याकडे हिरवा दिवा आहे."

एवढं वाचून बॉबिन खुर्चीतून उठला. खोलीभर एक चक्कर मारून आला. कोणीतरी होतं! हिरवा दिवा! त्याच्या आईला पिवळा हवा होता तसा हिला हिरवा हवा होता. हिरवा निवडणारं कोणीतरी असेल म्हणून त्याने तो रंग ठेवला होता, आणि ती होती. त्याला आईला हाक मारावीशी वाटली. आनंदाने त्याचे डोळे भरून आले, हे काही लपवण्यासारखं नाही. मग तो बसला आणि पुढचं वाचायला लागला.

"दिवलीने कधीच त्रास दिला नाही, म्हणून तुम्हाला लिहायची वेळ आली नाही. गुरुवारी माझी धाकटी बहीण यायची होती. ती लांब राहते, तिचे गुडघे गेलेत, एवढा प्रवास तिला आता झेपत नाही, तरी ती निघाली होती. मी दोघींचं जेवण करून ठेवलं आणि सकाळपासून पडद्यासमोरून हलले नाही. दिवा लागला नाही. मला वाटलं ती आलीच नाही. रागाच्या भरात मी तिला नको नको ते लिहून पाठवलं. आता ती म्हणते, मी बेल वाजवून दमले, पायरीवर बसले, फोनही बंद पडला होता, शेवटी संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मी म्हटलं, खोटं बोलतेस, दिवा लागला असता. त्यावर तिने बोलणं टाकलं आहे. भाचा आता परगावी असतो. माझं वय झालंय, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. दिवा पुन्हा कसा लावायचा ते सांगाल का? तुमचा वेळ घेतला, माफ करा."

शिव्या नव्हत्याच. एकही नाही. बॉबिनने त्या निरोपात वरून खालपर्यंत राग शोधला आणि तो त्याला सापडला नाही. पायरीवर बसलेली एक बाई मात्र त्याला दिसायला लागली. तो स्वतः तशाच पायरीवर कितीदा बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन.

त्याने आधी बटण काढून टाकलं. मग बाहेर गेला, दार ओढलं, बेल वाजवली, काचेतून पाहिलं. पिवळी कड उजळली, विझली. दुरुस्ती पाठवून तो बाईंना लिहायला बसला. लिहिताना पुष्कळ खोडलं. शेवटी उरलं ते असं: "तुमच्या हातून काहीही दाबलं गेलं नाही. दिवा मी बंद केला होता, मुद्दाम. दिवली कोणी वापरतं का हे मला कळत नव्हतं, ते कळावं म्हणून. आता मशीन एकदा बंद करून चालू करा, हिरवा दिवा लागेल. हा निरोप बहिणीला जसाच्या तसा दाखवा. त्या खरं बोलत होत्या."

मुकादमलाही त्याने दोन्ही निरोप पाठवले, त्याचा आणि बाईंचा. एकटा बाईंचा पाठवला असता तरी भागलं असतं. माणूस एकच हवा होता आणि तो मिळाला होता. पण मुकादम दुरुस्ती उघडून बघणार आणि बाईंचा दिवा का लागला नाही ते तिला कळणार. शिवाय त्याला ते लपवायचंही नव्हतं. लपवून दिवली आपल्याकडे ठेवली तर पुन्हा खिडकीशी उभं कसं राहायचं, हा प्रश्न होताच.

मुकादमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "दिवली राहील. एक माणूस म्हटलं होतं, एक माणूस आहे. तुम्हाला मात्र ठेवता येणार नाही. लोकांच्या मशीनवर जाणूनबुजून बिघाड पाठवणाऱ्याच्या हातात पुन्हा किल्ली द्यायची नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे." खाली, बहुधा थोड्या वेळाने, तिने आणखी एक ओळ घातली होती. "मला विचारायचंत. मी मुदत वाढवून दिली असती."

संध्याकाळपर्यंत यादीत दिवलीच्या नावापुढून त्याचं टोपणनाव गेलं आणि शिक्का आला: पोरकी. बॉबिनला या वेळी हसू आलं नाही. पण तो शिक्का फार टिकला नाही. चार दिवसांत कोणीतरी तिला दत्तक घेतलं. त्या माणसाने फलकावर लिहिलं होतं, आत उघडून पाहिलं, फार स्वच्छ काम आहे, सांभाळायला सोपं जाईल. इतक्या वर्षांत दिवलीला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती घ्यायला बॉबिन अधिकृतपणे जागेवर नव्हता.

बाईंचंही उत्तर आलं. "बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, असाही माणूस असतो का! मग थोडी हसली. बोलायला लागली आहे. पुन्हा येणं कधी जमेल ते सांगता येत नाही म्हणते. हिरवा दिवा लागतो आहे. एक सांगू का, रागावू नका. तुम्ही विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही विचारलं कुठे होतं?" फलकावर विचारलं होतं, असं तो लिहिणार होता. मग त्याच्या लक्षात आलं की फलक नावाची काही चीज आहे हे त्या बाईंना ठाऊक असायचं कारण नाही. ज्यांच्यासाठी दिवली होती त्यांतलं कोणीच तिकडे जात नसणार.

त्यानंतरचा रविवार मोकळा गेला. करायला काही नव्हतं. बॉबिनने चहा केला, खुर्चीत बसला आणि नुसताच आपला कॉम्प्युटर बघत राहिला. कोपऱ्यात घड्याळ होतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं, गेली कित्येक वर्षं दाखवत होतं. त्याने ते उघडून सांभाळणाऱ्याचं टोपणनाव पाहिलं. ते त्याने याआधी कधी पाहिलं नव्हतं. छपाईचा भाग पाहिला. पत्त्यांचा डाव पाहिला. तोही कोणीतरी एकटाच सांभाळत होता. या माणसांना त्याने आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांचं सगळं नीट चालत होतं ना!

ताईचा फोन यायला अवकाश होता. तो लिहायला बसला. पत्त्यांच्या डाववाल्याला लिहिलं, माझी आई शेवटपर्यंत तुमचा डाव खेळत होती. छपाईवाल्याला लिहिलं, तुमचा भाग मी वापरतो, चांगला चालतो. घड्याळवाल्याला काय लिहावं ते पटकन सुचेना, म्हणून एवढंच लिहिलं, "नमस्कार. मी तुमचं घड्याळ वापरतो."

घड्याळवाला तिकडे बसलेलाच असावा. चहा गार व्हायच्या आत त्याचं उत्तर आलं.

"काय बिघडलंय? लगेच बघतो."

बॉबिनने लिहिलं, "काही नाही हो. काहीच बिघडलेलं नाही."